जर्मनीला कुत्रा नेताय? आधी चिप, मग लस

व्हिसा, घर, सामान यांच्या याद्या तुमच्याकडे असतीलच, त्या इथं उगाळत नाही. कुत्रा किंवा मांजर बरोबर न्यायचं असेल तर निघायच्या निदान सहा महिने आधी पशुवैद्याकडे जा आणि सगळ्यात पहिल्यांदा कातडीखाली ओळखीची चिप बसवून घ्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, पंधरा अंकी. त्यानंतर रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं, पण चिप आधी. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपीय संघ धरतच नाही, भले पिल्लू असल्यापासून दरवर्षी न चुकता टोचलेली असो. आमच्या कुत्र्याच्या, गोट्याच्या पुस्तिकेत लसीची स्टिकरं, सह्या, शिक्के सगळं जागच्या जागी होतं. चिपची तारीख तेवढी लसीनंतरची. पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागलं आणि त्याच्यासाठी घरातलं एक माणूस मागं राहिलं. तेव्हा आत्ता उठा, पुस्तिका काढा आणि दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

लसीनंतर कमीत कमी 30 दिवसांनी त्याचं रक्त तपासणीला द्यायचं. संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासणी हवी आणि रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दर मिलिलिटरला निदान 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) भरायला हवीत. मग तीन महिने थांबा. हे तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही. रक्त काढण्याआधी चिप स्कॅन करायला लावा आणि तोच आकडा फॉर्मवर आहे ना ते स्वतः वाचा. एक अंक चुकला तरी कागद दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. पुढचा डोस मुदतीत द्या. मुदत टळली की रक्ततपासणी पुन्हा. आणि पशुवैद्य कितीही म्हणाले, ‘लस आज देऊन टाकू, चिप नंतर बसवू,’ तरी ऐकू नका. चिप आधी!

पिटबुल, स्टॅफर्डशायर, बुल टेरियर यांना जर्मनीत आणायला बंदी आहे, हे खर्चात पडण्याआधीच बघा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत. पिंजऱ्यात त्याला उभं राहता, वळता, अंग टाकता आलं पाहिजे. पिंजरा लवकर घरी आणा, रोजचं जेवण त्यातच द्या. गुंगीचं औषध अजिबात नको.

शेवटच्या दहा दिवसांत मुंबईच्या सरकारी अॅनिमल क्वारंटाइन कार्यालयातून आरोग्य दाखला. दाखल्यावरच्या सहीपासून दहा दिवसांच्या आत जर्मनीत पोचायचं. तुमच्या आणि त्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर नको, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात. दाखल्यावरही चिपची तारीख लसीच्या आधीची आहे का, पुन्हा वाचा.

झाडांचं थोडक्यात. माती न्यायला बंदी. रोप, फांदी, बी, ताजी पानं, सगळ्याला फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो. तुळस आणि कढीपत्ता आईकडे ठेवा; कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, लिंबूवर्गाचा रोग पसरवणारी कीड त्यावर राहते. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर, ड्युरियन यांना दाखला लागत नाही. हापूसला लागतो.

उतरल्यावर कस्टमच्या लाल मार्गिकेतून जा आणि कागद स्वतःहून दाखवा. मग पालिकेत नोंदणी, कुत्र्याचा कर, विमा.