माचा आधी चाळा, मग बोला

साखर दुधात विरघळते. माचा विरघळत नाही. ते जात्यात दळलेलं चहाचं पान आहे. दुधात ते तरंगतं आणि थोड्या वेळाने तळाशी बसतं. जपानमधल्या नागोयात राहायला आले त्या वर्षी हे मला कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा डबा वाचला असता. सल्ला मिळाला तो असा: उकळत्या दुधात दोन चमचे टाका आणि ढवळा. परिणाम असा: खाली हिरवा गाळ, वर शेवाळासारख्या गुठळ्या, चवीला कडू.

खरेदीचं थोडक्यात. डब्यावरच्या 'सेरेमोनिअल ग्रेड'ला भुलू नका, जपानमध्ये असा कुठलाही सरकारी दर्जा नाही. इथल्या दुकानांत उसुचा म्हणजे पातळ पिण्याचा, कोइचा म्हणजे दाट पिण्याचा आणि मिठाईसाठीचा, अशी विभागणी असते. दूध-साखरेच्या पदार्थाला मिठाईचाच घ्या. तो जरा कडवट असतो म्हणूनच दुधापुढे टिकतो. मी निशिओचा आणते, कारण ते नागोयाहून रेल्वेने तासाभरावर आहे. क्योतोजवळच्या उजीचा मिळाला तर तोही उत्तम. नुसतं 'ग्रीन टी पावडर' लिहिलेलं पाकीट मात्र घेऊ नका. माचाची झुडपं तोडणीआधी सुमारे ३ आठवडे झाकून सावलीत ठेवतात, त्यातून तो रंग आणि ती चव येते. उन्हात वाढलेल्या पानाची पूड कितीही बारीक केली तरी माचा होत नाही.

गोड पदार्थ: माचा-दुधाचं कान्तेन. कान्तेन म्हणजे आपला चायना ग्रास. चार जणांना पाणी १५० मिली, दूध ३५० मिली, कान्तेनची पूड ४ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, माचा ६ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे.

आता गुठळ्यांचं. दगडी जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम माचा निघतो, इतका तो बारीक दळतात. इतकी बारीक पूड स्वतःलाच चिकटते, आणि हवेतला दमटपणा लागला की जास्तच. पिठल्यातली गुठळी डावाने मोडता येते. माचाची गुठळी बाहेरून ओली होते, आत कोरडीच राहते आणि मोडायला गेलं की निसटते. म्हणून पाणी लागण्याआधीच ती मोडायची. चहाच्या बारीक गाळणीतून पूड कोरडी चाळा, चमच्याच्या पाठीने दाबत. "आमचा माचा ताजा आहे, चाळायची गरज नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं, पाहुण्यांसमोर.

चाळून झालं की त्यातच सगळी साखर घाला आणि कोरडंच चोळा. केशर साखरेबरोबर खलायला आईने लहानपणीच शिकवलं होतं. तेच डोकं इथे चालवायला मला दोन वर्षं लागली. साखरेचे दाणे पुडीच्या कणांमध्ये शिरतात आणि त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. मग एक चमचा कोमट पाणी घालून घोटा. एकच चमचा. घट्ट, चकचकीत लगदा झाला पाहिजे. त्यानंतर आणखी दोन-तीन चमचे, थोडं थोडं करत, श्रीखंडाइतकं सैल होईपर्यंत. सुरुवातीलाच भसकन पाणी ओतलंत तर पुन्हा पहिल्यापासून. यासाठी चासेन, म्हणजे माचा घुसळायची बांबूची रवी, वापरू नका, दाट लगद्यात तिच्या काड्या मोडतात; साधा चमचा पुरे.

बाकी सोपं आहे. कान्तेन पाण्यात घालून ढवळत २ मिनिटं उकळा, गॅस बंद करा, गरम केलेलं दूध मिसळा. दूध थंड असेल तर कान्तेनच्याच गाठी होतात.

दुसरी मेख इथे आहे. लगदा लगेच ओतू नका. उकळत्या दुधात माचाचा हिरवा रंग शेवाळी होतो, कारण उष्णतेने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम सुटतो. आंबटानेही तेच होतं, म्हणून लिंबू आणि दही यापासून लांब. बोट सहन करेल इतकं दूध निवलं की लगदा घाला, भांडं गार पाण्यात ठेवा आणि किंचित दाट होईपर्यंत ढवळत राहा. पातळ असतानाच वाट्यांत ओतलं तर माचा खाली बसून दोन थर होतात. दाट व्हायला लागलं की मात्र पटकन ओता, कान्तेन फ्रिजबाहेरही बघता बघता थिजतं.

खारा पदार्थ म्हणजे माचा-मीठ. एक चमचा बारीक मीठ कोरडं भाजा, पूर्ण गार करा, अर्धा चमचा चाळलेला माचा मिसळा. इथे माचा कच्चाच तोंडात जातो, म्हणून पिण्याचा वापरा. मीठ गरम असताना घाई केली की रंग गेलाच. तेंपुराबरोबर, म्हणजे जपानी भज्यांबरोबर, हे मीठ बशीत बाजूला देतात. घास टेकवून खायचा, वरून भुरभुरायचं नाही. माचाच्या नूडल्स, चासोबा, घरी करायच्या फंदात पडू नका, सुक्या विकत आणा.

डबा फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. आत पाणी सुटतं आणि वरचं सगळं पुराण पुन्हा सुरू.

कांदाभजीवरही हे मीठ घेऊन पाहिलं. बेसनापुढे माचाचा काही पाड लागला नाही. रताळ्याच्या तेंपुराबरोबर मात्र घरात बशी पुसून खाल्ली जाते.