टिचबटणांवर पेशीविभाजन: अवस्था न घोकता पक्क्या कशा कराव्यात

दहावीच्या विज्ञान भाग 2 मधल्या पेशीविभाजनाच्या चार अवस्था बहुतेकांच्या तोंडपाठ असतात. तरी 'पश्चावस्थेत पेशीत एकूण गुणसूत्रे किती?' असे विचारले की पेन अडते. नावे पाठ असतात, मोजणी केलेली नसते.

लाल आणि निळी लोकर घ्या. प्रत्येक रंगाचे 12 सेंमीचे दोन आणि 6 सेंमीचे दोन, असे एकूण आठ तुकडे कापा. टिचबटणांच्या चार जोड्या लागतील. एका रंगाच्या, एका लांबीच्या दोन तुकड्यांवर बरोबर मध्यभागी एकाच बटणाचे दोन भाग शिवा. लाल आईकडून आलेले, निळे वडिलांकडून. लांब लाल आणि लांब निळे ही समजात जोडी, आखूड लाल आणि आखूड निळे ही दुसरी. बटण म्हणजे गुणसूत्रबिंदू, दोन धागे जिथे जोडलेले असतात ती जागा.

डीएनए दुप्पट झाला की बटणे लावा: चार फुल्या तयार होतील. प्रत्येक फुली एक गुणसूत्र, तिच्यातले दोन धागे अर्धगुणसूत्रे. मोजायचा नियम एकच: लावलेले बटण एक, उघडले की दोन. धागे मोजायला गेलात तर उत्तर चुकलेच.

आधी सूत्री विभाजन, म्हणजे नव्या पेशीत गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते ते. फरशीवर खडूने मोठे वर्तुळ म्हणजे पेशी, आत लहान वर्तुळ म्हणजे केंद्रकावरण काढा आणि फुल्या आत ठेवा. पूर्वावस्थेत आतले वर्तुळ पुसा. मध्यावस्थेत चारही फुल्या एकाखाली एक, बटणे नेमकी मधल्या रेषेवर. पश्चावस्थेत बटणे उघडा आणि धागे बटणाला धरूनच पेशीच्या दोन टोकांकडे, म्हणजे ध्रुवांकडे, ओढा. तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रे ओढणारे तंतू, गुणसूत्रबिंदूलाच जोडलेले असतात, म्हणून बटण पुढे आणि दोन्ही बाजू मागे फरफटतात, धाग्याचा 'व्ही' होतो. आकृतीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात: 'व्ही'ची टोके ध्रुवाकडे काढली जातात. टोक नव्हे, कोन ध्रुवाकडे हवा. या घडीला पेशीत आठ गुणसूत्रे आहेत. माणसाच्या पेशीत 46 ची 92. अंत्यावस्थेत प्रत्येक घोळक्याभोवती पुन्हा वर्तुळ काढा, आत चार-चार.

आता अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ते. ते भाग 1 आणि भाग 2 अशा दोन टप्प्यांत होते. त्यासाठी बटणे परत लावा. लांब लाल आणि लांब निळ्या फुलीतला एकेक धागा घ्या, 2 सेंमीची टोके कापून अदलाबदल करून बांधा. हे जनुकीय विचरण, भाग 1 च्या पूर्वावस्थेतले. मग फुल्या एकेरी रांगेत न लावता समजात जोड्या समोरासमोर ठेवा, मधल्या रेषेच्या अलीकडे एक, पलीकडे एक. आणि आता बटणे उघडू नका! आख्खी फुलीच ध्रुवाकडे जाते. प्रत्येक पेशीत दोन फुल्या, म्हणजे संख्या इथेच निम्मी झाली. माणसात 23 गुणसूत्रे, पण अर्धगुणसूत्रे 46. भाग 2 मध्ये बटणे उघडतात आणि प्रत्येकी दोन गुणसूत्रांच्या चार पेशी मिळतात. दोन भागांच्या मध्ये डीएनए पुन्हा दुप्पट होत नाही. तो झाला असे धरले की पुढची सगळी गणिते कोलमडतात.

पडताळा कांद्यावर घ्या. मुळाच्या टोकाच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात. सूत्री विभाजनानंतर जन्यपेशीत, म्हणजे नव्या पेशीत, 16; अर्धगुणसूत्री विभाजनातून आलेल्या परागकणात 8.

पेपरात आकृती टोकदार पेन्सिलीने, साधारण 4 सेंमी व्यासाची काढा, नावे शक्यतो उजवीकडे आणि रेघा एकमेकींना न छेदणाऱ्या. प्रश्न 'प्राणीपेशी' म्हणतो की 'वनस्पतीपेशी' हे आधी वाचा. प्राणीपेशीत ध्रुवांजवळची तारककेंद्रे दाखवायची आणि शेवटी पेशीला बाहेरून आत जाणारी खाच. कांद्यासारख्या वनस्पतीच्या पेशीत तारककेंद्र नसते, आणि पेशीपटल, म्हणजे दोन नव्या पेशींमधला पडदा, मधोमध सुरू होऊन बाहेरच्या भिंतीकडे वाढते.