मंदीच्या काळात यंत्रमाग कारखानदाराने कामगारांना कसे सांभाळावे

इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी सामान्यतः विणलेल्या कापडावर ठरत असल्याने, सुताचे भाव हलले आणि माग थांबले की पहिला घाव त्याच्या घरखर्चावर बसतो. म्हणून मागणी घटण्याची चिन्हे दिसताच मालकाने स्वतः सर्व पाळ्यांतील कामगारांना एकत्र बसवून, हातात किती काम आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे स्पष्ट सांगावे. मुकादमामार्फत निरोप पाठवला की त्याआधी अफवाच पोहोचते. काहींना घरी बसवण्याऐवजी असलेले काम सर्वांना आळीपाळीने द्यावे, आणि बंद मागांची साफसफाई व दुरुस्ती करून घेतल्यास तिची रोजंदारी द्यावी.

मजुरी थकवू नये. त्यासाठी येणी वेळेत वसूल करावीत: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि न मिळाल्यास केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. कामगार राज्य विम्याची वर्गणी काटकसरीच्या यादीत कधीच घेऊ नये, कारण आजारपणातील भत्ता तिच्यावरच अवलंबून असतो. उचल मागायला आलेल्या कामगाराला चारचौघांत कारण विचारू नये. त्याला आत बोलावून बसवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.