आधी गु.र.नं. मिळवा: गावाकडच्या ठाण्यातून एफआयआर आणि अटकेची माहिती कशी काढायची

मागच्या वर्षी मामेभावाच्या बाईकला पिकअपने उडवलं, पाय मोडला, इन्शुरन्सवाल्याने एफआयआरची कॉपी मागितली आणि आम्ही तालुक्याच्या ठाण्यात तीन चकरा मारल्या. दर वेळी उत्तर एकच, साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. तिसऱ्या सोमवारी कळलं की अपघात ओढ्याच्या पलीकडे झाला होता आणि ओढा म्हणजे हद्द, त्यामुळे गुन्हा शेजारच्या ठाण्यात दाखल होता, आणि कहर म्हणजे त्याची पीडीएफ पंधरा दिवसांपासून ऑनलाइन पडून होती. म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. एक आकडा आणि पुढे वर्ष, बास. हा नंबर, ठाण्याचं नाव आणि वर्ष हातात असेल तर पुढची सगळी दारं उघडतात, नसेल तर नुसतं "तो परवाचा अपघात" म्हणून कुणी काही शोधून देत नाही. गावात हा नंबर मिळवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पोलीस पाटील, घटना गावच्या शिवारात झाली असेल तर त्यांना बहुतेक वेळा कुठल्या ठाण्यात काय दाखल झालं ते माहीत असतं. नाहीतर आपल्या भागाचा बीट अंमलदार, किंवा ठाण्यात टेबलावर बसलेला ठाणे अंमलदार. फोनवर विचारताना तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर एवढं तयार ठेवा. आणि हो, नोंद अदखलपात्र असेल, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा किरकोळ गुन्हा, तर ती एनसी, तिला गु.र.नं. नसतो, एनसीचा नंबर वेगळा, त्यामुळे एफआयआरच्या यादीत ती शोधत बसू नका.

आता ऑनलाइन. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारखा टाकायच्या, कॅप्चा भरायचा, लॉगिनची गरज नाही. इथे लोक कुठे फसतात सांगतो. एक, जिल्हा म्हणजे पोलिसांचा जिल्हा, महसूलचा नाही. पुण्याचंच बघा, पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड 2018 पासून वेगळं आणि पुणे ग्रामीण वेगळं, तसंच नाशिक ग्रामीण, नागपूर ग्रामीण, सोलापूर ग्रामीण. खेड्यातला माणूस यादीत "पुणे" दिसलं की पटकन शहर दाबतो आणि मग म्हणतो आमचं ठाणंच नाहीये यात. हद्दीही बदलतात, लोणी काळभोर आणि लोणी कंद 2021 मध्ये ग्रामीणमधून शहरात गेली, त्यामुळे तिथलं जुनं काही शोधत असाल तर दोन्हीकडे बघा. जिल्ह्याची नावं बदललीत तिथेही तेच, धाराशिव सापडेना तर उस्मानाबाद, अहिल्यानगर सापडेना तर अहमदनगर. दोन, तारीख. गुन्हा घडला त्या दिवशीच दाखल होतो असं नाही, जखमी दवाखान्यात असला की जबाब चार दिवसांनी होतो, म्हणून घटनेपासून पुढचे आठ-दहा दिवस धरून शोधा.

एफआयआर अपलोड करणं ही पोलिसांची मेहरबानी नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये यूथ बार असोसिएशनच्या केसमध्ये सांगितलं की दाखल झाल्यापासून 24 तासांत साइटवर टाका, नेटवर्कची अडचण असलेल्या दुर्गम भागात फार तर 72 तास. अपवाद आहेत, लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद असलं काही संवेदनशील असेल तर टाकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. असला एफआयआर कुठून हातात आला तरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ग्रुपमध्ये सगळे ओळखीचे आहेत हे कारण चालत नाही.

ऑनलाइन नसेल तर तुम्ही कोण आहात त्यावर पुढचं ठरतं. फिर्यादी किंवा पीडित असाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कॉपी फुकट, झेरॉक्सचे पैसे मागितले तर कलमाचा आकडा शांतपणे सांगा, मोठ्याने नको, पुन्हा त्याच ठाण्यात जायचं असतं आपल्याला. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवायचं बंधनही आता पोलिसांवर आहे, हे फार कमी फिर्यादींना माहितीये. आरोपी असाल तर त्याच 2016 च्या निकालाप्रमाणे तुम्ही किंवा तुमचा माणूस ठाण्यात किंवा एसपींकडे अर्ज आणि फी देऊन कॉपी मागू शकतो, ती 24 तासांत द्यायची आहे.

अटकेची माहिती जरा वेगळी. अमेरिकेत बऱ्याच काउंट्यांचे शेरीफ जेलमध्ये कोण कोण आहे त्याची यादी फोटोसकट साइटवर लावतात, आपल्याकडे तसं काही नाही आणि नसलेलं बरं. पण संहितेच्या कलम 37 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक नेमलेला अधिकारी असतो, अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठेवायचं आणि ते ठळकपणे लावायचं हे त्याचं काम. फलक शोधा, कधी कधी तो दाराच्या मागे किंवा मुद्देमालातल्या गाड्यांच्या आड असतो. आपलाच माणूस उचललाय आणि कुठे नेलाय कळत नाही असं झालं तर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन करा, 112 वर पण विचारता येतं. अटक झाली की नातेवाईकाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला कळवणं बंधनकारक आहे, अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा, रिमांडला कोण आलंय ते तिथे डोळ्यांनी दिसतं. सुट्टी असेल तर ड्युटीचं कोर्ट शेजारच्या तालुक्यात असू शकतं, ते आधी वकिलाला विचारा.

एक गोंधळ नेहमी होतो. गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झाली असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत बऱ्याचदा पोलीस नुसती नोटीस देतात, मग अटकेच्या यादीत नाव कुठून येणार. लोक लगेच म्हणतात सेटिंग झाली. असेलही, पण आधी नोटीस दिलीय का ते विचारा.

जुनं काही हवं असेल, म्हणजे केसचं पुढे काय झालं, तर ठाण्यात जायचंच नाही, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर जायचं. जिल्हा, कोर्ट संकुल निवडलं की एफआयआर नंबरने शोधायची सोय आहे, इथे परत तोच गु.र.नं., ठाणं, वर्ष. "प्रलंबित" आणि "निकाली" दोन्ही बघा. सापडलं की 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतःचा ओळख नंबर, लिहून ठेवा, पुण्याचा असेल तर एमएचपीयूने सुरू होतो, पुढच्या वेळी तेवढाच टाकला की तारखा, ऑर्डर सगळं समोर. पण दोषारोपपत्र तिथे मिळणार नाही, ते सार्वजनिक कागदपत्र नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. ते आरोपीला आणि पीडिताला कोर्टातून मिळतं, बाकीच्यांनी नकलेसाठी अर्ज करून बघायचा, द्यायचं की नाही ते कोर्ट ठरवतं.

सगळे रस्ते संपले की माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडा आणि फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, त्यामुळे गाऱ्हाणं लिहू नका. "का" विचारू नका, कागद मागा, म्हणजे "गु.र.नं. अमुक, या गुन्ह्यातील घटनास्थळ पंचनाम्याची प्रत" किंवा "अमुक ते अमुक तारखेच्या स्टेशन डायरीतील नोंदींची प्रत". पानाला दोन रुपये. उत्तराला 30 दिवस, पण कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ माणूस कोठडीत आहे, तर 48 तास, हे अर्जाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा. "तपास चालू आहे" असं एका ओळीचं उत्तर हमखास येतं. ते पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे त्यांनी दाखवायचं असतं, दिल्ली हायकोर्टाने 2007 मध्ये भगत सिंग केसमध्ये हेच म्हटलंय, तो दाखला देऊन 30 दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाका. दुसऱ्याच्या खाजगी माहितीवर मात्र फार भांडू नका, त्याऐवजी कलम 10 प्रमाणे नावं-पत्ते झाकून बाकीचं द्या असं म्हणा, तेव्हा निम्मं तरी हातात पडतं.

अर्ज हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका. मामेभावाचा पहिला अर्ज असाच गेला, "ठेवून जा" म्हणाले, हा ठेवून आला.