दुष्ट शाळेची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

वर्षाकाठी पाच-सहा हस्तलिखितं माझ्याकडे येतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं. गावातल्या साहित्य संमेलनात ओळख होते, मग "सर, जरा बघा की" म्हणत मोबाइलवर पीडीएफ येऊन पडतं. हल्ली निम्म्यांत भविष्यातली दुष्ट शाळा असते आणि सगळ्यांची शाळा एकच: काचेची इमारत, मुलांच्या मानेत चिप, विनाकारण हसणारा हेडमास्तर.

या हसणाऱ्या हेडमास्तराचा मला वीट आलाय. पण पहिला मीच तो लिहिला होता. १४० पानं झाल्यावर नववीतल्या भाचीला तीन प्रकरणं वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, एवढी वाईट शाळा हाय तर आईबापानं घातलंच कशाला तिथं?" मला उत्तर देता येईना. पानं रद्दीत गेली.

तेव्हापासून मी आधी प्रवेशाची रांग लिहितो. पहाटे चारपासून लागलेली. उद्यमबागेतल्या फौंड्रीत रात्रपाळी करून बाप तसाच येऊन उभा आहे, कारण शाळा खरंच काहीतरी देते: जेवण, हॉस्टेल, पुढं नोकरी. फॉर्म इंग्रजीत, खिडकीवरचा फलक कन्नडमध्ये, घरची बोली मराठी. बारीक अक्षरातल्या अटी मुलगाच बापाला वाचून दाखवतो आणि त्यातली एक ओळ गाळतो. बाप खुशीनं सही करतो. मला या सहीची जितकी धास्ती वाटते तितकी कुठल्याच चिपची वाटली नाही.

कॅमेऱ्यांचंही तसंच. "भिंतीवरचा डोळा सतत बघत होता" असं लिहून दहावीचं पोर घाबरत नाही. आपल्या कर्नाटकात २०२४ च्या दहावीला परीक्षेच्या खोल्यांतून वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट पाहणी, झालंच. निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही वाढीव गुण वाटून. आधी कॅमेरा लावायचा, मग निकाल पडला म्हणून गुण वाटायचे, असा वाकडेपणा कल्पनेनं सुचत नाही. तो टिपून ठेवावा लागतो. मी त्यासाठी दोनशे पानी वही ठेवलीय. तिच्यात शाळेचा हजेरीपट आधी भरतो, ४२ नावं, प्रत्येकापुढं बापाचा धंदा: वडगावचा विणकर, निपाणीचा तंबाखूवाला, खानापूरचा कौलांच्या कारखान्यातला. "एवढं कशाला, सर?" असं विचारणाऱ्याची कादंबरी तिसऱ्या प्रकरणात अडकते आणि मग तो मलाच फोन करतो.

बाकीच्या चुका भराभर. पहिली पाच पानं महायुद्धाच्या इतिहासाची नकोत. "सेक्टर ७" नको, जांबोटी म्हणा. सोळा वर्षांचं पोर अग्रलेखासारखं बोलू नये. प्रेमाचा त्रिकोण असला तर असो, पण क्रांतीच्या आदल्या रात्री नको. एका रात्रीत पडणारी व्यवस्था व्यवस्थाच नव्हे. आणि एआयकडून आराखडा काढून आणणाऱ्यांनो, तुमच्या तिघांच्या नायिकांचं नाव एकच होतं, मला कळतं.

शिक्षा मात्र विचारपूर्वक निवडा. अंधारकोठडी सगळेच लिहितात. मी पावसाळ्यात नायिकेचा बसचा पास काढून घेतला. कणकुंबीकडच्या पोरीची एक गाडी गेली की शाळा, हजेरी, परीक्षेला बसायचा हक्क ओळीनं जातात, आणि कुणी हातही उगारलेला नसतो. या युक्तीवर मी भलताच खूश होतो.

परवा भाचीनं नवा खर्डा वाचला. "मामा, तुझ्या नायिकेला पास कशाला लागतोय? २०२३ पासून आम्हा पोरींना सरकारी गाडी फुकटच हाय की, आधार दाखवलं की झालं."

आता नायिकेचा नायक करू की तिचं आधार कार्ड काढून घेऊ, याच्यावर दोन दिवस अडलोय.