चार दिवसांचं अंदमान, हातात कॅमेरा: या चुका टाळा

दिवाळी उरकली की मला फोन यायला लागतात. "दादा, अंदमानला चाललोय. चार दिवस आहेत. स्कूबा करायचंय, पाण्याखालचे फोटो काढायचेत. कॅमेरा कुठला घेऊ?" मास्कमध्ये पाणी शिरलं तर कसं काढायचं, पाण्यात एका जागी थांबायचं कसं, हे कोणी विचारत नाही. प्रश्न कॅमेऱ्याचाच असतो.

गेली बारा वर्षं मी दर हिवाळ्यात हॅवलॉकला जातो. २०१८च्या डिसेंबरात बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. जेट्टीवर आणि बोटीवर अजून जुनीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच लिहितोय. या वर्षांत पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी मंडळींबरोबर पाण्यात उतरलो. चुका त्याच त्या होतात आणि त्यांची भरपाई बहुतेक वेळा रीफला, म्हणजे कोरलच्या (प्रवाळाच्या) खडकाला, करावी लागते. ते बघून जीव तुटतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

तरंगता येण्याआधी कॅमेरा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, तेव्हा हिच्यावर जरा जास्त लिहिणार.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. पुण्याच्या एका मित्राचा मित्र आमच्याबरोबर होता. आधी एकदा मालवणला पाण्यात गेलेला, पण तिथे इन्स्ट्रक्टरनं पूर्ण वेळ पाठीमागून धरलेलं. हॅवलॉकला त्यानं तीन दिवसांत ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, अगदी मन लावून केला. चौथ्या दिवशी बोटीवर आला तो हाउसिंगमधला (पाणी न शिरणाऱ्या पेटीतला) मोठा कॅमेरा आणि दोन लांब दांड्यांवर दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, घेऊन. मी म्हटलं, एक डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय कर. तो म्हणाला, "उद्याची परतीची फेरीबोट आहे हो, मग काढू कधी?" मी गप्प बसलो. तिथे माझं चुकलं.

बारा मीटरवर एका समुद्रफुलात क्लाउनफिशची जोडी होती. हा खाली डोकं करून तिच्यावर गेला. डोळे स्क्रीनला चिकटलेले. हात हलू नये म्हणून त्यानं श्वास रोखला. छाती भरलेली राहिली की माणूस वर जातो, तसा तो गेला. वर जातोय म्हणून जॅकेटमधली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या डाइव्ह जॅकेटमधली) हवा सोडली, आणि ती सोडली प्रमाणाबाहेर. दोन्ही गुडघे खालच्या फांद्यांच्या कोरलमध्ये शिरले. पाण्यात आवाज फार स्वच्छ ऐकू येतो. कट्. मग पुन्हा कट्, कट्. त्याला स्वतःला काही कळलं नाही. खाली काहीतरी टोचलं म्हणून त्यानं घाबरून फिन मारले आणि सगळीकडे वाळूच वाळू झाली. करेन समाजातल्या आमच्या डाइव्हमास्टरनं, म्हणजे पाण्याखालच्या वाटाड्यानं, त्याला सिलिंडरच्या मानेला धरून अलगद वर उचललं.

वाळू बसल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची एक फांदी आडवी पडली होती. तुटल्या जागी चुन्यासारखा पांढराशुभ्र काप आणि कडेला चिकट स्रावाची तार. या जातीचं कोरल कोरलमध्ये सगळ्यात भरभर वाढतं. सगळं अनुकूल असेल तर वर्षाला साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे ती फांदी चार-पाच वर्षांची. शेजारीच कंबरेएवढा गोल दगडी कोरल होता. तो वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. त्याच्यावर कोणी उभं राहिलं तर माणसाच्या आयुष्याएवढं काम पायाखाली येतं.

संध्याकाळी त्यानं फोटो दाखवला. कोपऱ्यात माशाची अर्धी शेपटी, बाकी सगळीकडे फ्लॅशनं उजळलेले वाळूचे पांढरे ठिपके. डाइव्हमास्टर एवढंच म्हणाला, "दादा, पहले रुकना सीखो, फोटो तो मिल जाएगा."

असं होतं त्याचं पहिलं कारण वजन. नवख्या माणसाला पटकन खाली न्यायचं म्हणून कमरेला दोन-तीन किलो जास्तीचं शिसं बांधतात. तो जड माणूस मग जॅकेटमध्ये हवा भरून तरंगतो, त्याचे पाय खाली लोंबतात, प्रत्येक फिनबरोबर वाळू उडते. ती वाळू कोरलवर बसते, आणि ती झटकायला त्या इवल्याशा जिवांना स्राव सोडत बसावं लागतं. त्यांची शक्ती त्यातच जाते. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. पाच मिनिटं वाचतात खरी, पण माणूस चुकीचंच शिकतो.

माझी सवय सांगतो. पहिल्या दोन डाइव्ह कॅमेरा बोटीवर. मग वाळूवर पाचेक मीटरला हाताची घडी घालून एक मिनिट एका जागी तरंगायचं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, बाकी काही हलता कामा नये. मिनिट जमलं नाही तर कॅमेरा त्या दिवशीही बोटीवरच राहतो, मग तो कितीही महाग असो. वजन मी डाइव्हच्या शेवटी तपासतो. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच दोन किलोंच्या वर भरते, त्यामुळे हवा संपत आली की सिलिंडर माणसाला वर ओढतो. शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरली असताना, वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या सुरक्षा थांब्याला, जॅकेट रिकामं करून स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. तेव्हाही सहज बुडत असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढा.

आणि कुठल्याही माशाजवळ जाण्याआधी मागे कसं यायचं ते ठरवा. मी प्रवाहाकडे तोंड करून जातो. पाय हलवायचे थांबवले की प्रवाहच मागे नेतो. मागे मोकळं पाणी नसेल तर तो फोटो मी सोडून देतो.

काही जण सांगतात, मेलेल्या खडकावर एक बोट टेकवा आणि स्थिर व्हा. वर्षानुवर्षं पाण्यात असलेल्या माणसाला ते जमतं. पहिल्या आठवड्यात मेलेला खडक कुठला, जिवंत कोरल कुठलं आणि खडकासारखा दिसणारा विषारी काट्यांचा दगडमासा कुठला, हे ओळखू येत नाही. बोट खिशात ठेवा.

विमानाच्या दिवशी डाइव्ह

एका पॅकेजच्या कागदावर मी हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय: सकाळी ६ ला स्कूबा, ९ ची फेरीबोट, दुपारी २ चं विमान. ठाण्याचं एक जोडपं तो कागद हातात घेऊन जेट्टीवर उभं होतं. मी त्यांना विचारलं, डाइव्ह झाली का? नाही, झोप लागली म्हणून राहिली, आणि त्याचंच दोघांना वाईट वाटत होतं. त्यांना झोप लागली याचा मला किती आनंद झाला सांगू.

पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, त्याला तास न् तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असू शकतो. तेवढ्या कमी दाबात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे धरू शकतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, कधी पाठीच्या कण्यालाही इजा होते. डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम असा: साधी एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. मी सरळ २४ धरतो, म्हणजे हिशेब करत बसावं लागत नाही.

म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी एकच आखणी देतो. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) उतरून हॅवलॉक गाठायचं, पाण्यात जायचं नाही. दुसरा आणि तिसरा दिवस डाइव्हचे. चौथा दिवस कोरडा, आणि त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला परत. विमान पाचव्या दिवशी. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि तो कोरडा दिवस तेव्हा उपयोगी पडतो. "पाच दिवस नाहीत हो" म्हणणाऱ्यांना मी स्नॉर्केलिंग सुचवतो. त्यात कमीपणा काहीच नाही. दोन-तीन मीटर पाण्यात दिवसा जो उजेड असतो, तो फोटोला खालच्यापेक्षा कितीतरी चांगला.

रंग निळे येतात, म्हणून झूम

पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाच मीटरच्या आसपासच लाल कपडा मळकट तपकिरी दिसायला लागतो. झूम केलं की कॅमेरा आणि मासा यांच्यामधलं पाणी तेवढंच राहतं, रंग परत येत नाही. जवळ जाणं हाच उपाय, आणि जवळ जाण्याचा हक्क त्या वरच्या एका मिनिटानं मिळतो.

हाउसिंग घाईत बंद करणं

बोट हलतेय, बाकीचे तयार आहेत, तुम्ही टॉवेलशेजारी बसून हाउसिंग लावताय. असं करू नका. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) डोक्याचा एक केस आडवा पडला तरी पाणी आत येतं. मी आदल्या रात्री खोलीत पंखा बंद करून, बॅटरीच्या उजेडात ओ-रिंगवर बोट फिरवत बघतो, सिलिकॉन ग्रीस दिसेल न दिसेल एवढंच लावतो, आणि सकाळी कॅमेरा न घालता हाउसिंग बादलीत बुडवून ठेवतो. आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा. तो कोरडा निघाला तर कॅमेरा आत.

उचलून फोटो

नीलला लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलापाशी ओहोटीला खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात. त्यात समुद्री काकड्या, तारामासे, छोटे खेकडे असतात. कोणी प्रेमानं समुद्री काकडी उचलून तुमच्या तळहातावर ठेवायला आलं तर हात मागे घ्या आणि म्हणा, पाण्यातच राहू दे, मी वाकून काढतो. वाकून काढलेला फोटो चांगलाच येतो, उन्हाला पाठ करा आणि पाणी शांत होऊ द्या. चालतानाही पायाखाली बघा. तिथलं तपकिरी, शेवाळलेलं वाटणारं बरंचसं जिवंत कोरल असतं.

ब्रेड टाकून मासे गोळा करून काढलेले फोटो मला पाठवू नका. मासा पावासाठी आलाय हे त्यात दिसतं, आणि ज्याचं काम कोरलवरचं शेवाळ खाणं ते तो सोडून देतो.

शंख आणि मेलेलं कोरल घरी आणणं

कोरल, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि कित्येक शंखांच्या जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. किनाऱ्यावर पडलेला कोरलचा तुकडाही त्यात आला. "सापडलाय, तोडला नाही" हे विमानतळावर चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा रिकामा शंख लागतो, आणि तो त्याला त्याच वाळूत शोधायचा असतो. शोकेसमध्ये त्याचा काय उपयोग?

पांढऱ्या कोरलचा फोटो "सुंदर" म्हणून टाकणं

पाणी बराच काळ जास्त तापलं की कोरल आपल्या आत राहणारं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत गार झालं तर परत सावरू शकतं. फोटो जरूर काढा, त्याखाली तारीख, जागा आणि खोली लिहा, आणि त्या फांद्यांपासून नेहमीपेक्षा दुप्पट लांब राहा.

सनस्क्रीन

कोरलला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली सनस्क्रीन पलाऊनं २०२० मध्ये आणि हवाईनं २०२१ मध्ये बंद केली. मी पूर्ण बाह्यांचा पातळ सूट घालतो, क्रीम फक्त तोंडाला. पाण्यात उतरायच्या आधी अंगभर चोपडून येणाऱ्यांच्या मागे पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, एकदा वळून बघा.

जारवा

बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथल्या माणसांचे फोटो काढणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होतो. त्या रस्त्याला लागायच्या आधी कॅमेरा आणि फोन बॅगेत. यावर चर्चा नाही.

खाली प्लास्टिक दिसलं तर

मी जॅकेटच्या खिशात जाळीची छोटी पिशवी ठेवतो. नवखे उत्साहानं दिसेल ते ओढून काढतात, तसं करू नका. दोरी किंवा जाळं कोरलमध्ये गुंतलेलं असेल तर हात न लावता डाइव्हमास्टरला दाखवा, ओढलं की फांद्या येतात. आणि बाटली उचललीत तर वर आणण्याआधी मास्कसमोर उभी धरून आत बघा. मागच्या जानेवारीत मी उचललेल्या एका बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा मासा बसला होता, आणि बाटलीला आतून मोहरीएवढी अंडी चिकटलेली. बाटली होती तशी, त्याच कोनात, परत ठेवली.