फ्रेटलेस बेस: रेषेच्या अलीकडचा गंधार

फ्रेटलेस बेस, म्हणजे पडदे नसलेली बेस गिटार, हाती आली की बहुतेक जण प्रत्येक सूर घसरत घसरत गाठू लागतात. ही सवय लवकर मोडावी, कारण पडदे नसलेल्या या वाद्याचे खरे बळ आधी सुराच्या नेमक्या जागेत आहे आणि मग मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यात. ती जागा कानाने ठरवण्याचे साधन ग्वाल्हेरच्या अनेक मराठी घरांत कोपऱ्यात उभे असते: तंबोरा. तो नसल्यास मोबाइलवरचा तानपुराही चालतो.

तंबोरा पांढरी दोनमध्ये लावावा, म्हणजे बेसची मोकळी ‘डी’ तार षड्ज होते, ‘जी’ मध्यम आणि ‘ए’ मंद्र पंचम. आता डी तारेवर शुद्ध गंधार शोधायचा आहे. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, तारेच्या पाचव्या भागाएवढ्या अंतरावर बोट केवळ टेकवावे, दाबू नये, आणि तार छेडावी. बोट बरोबर जागी असेल तर दोन सप्तके वरचा गंधार घंटेसारखा स्वच्छ निघतो. मग तेच बोट न हलवता तार दाबावी. मिळालेला गंधार तंबोऱ्यात विरघळतो. 34 इंचांच्या, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटरच्या तारेवर ही जागा नटपासून 173 मिलिमीटरवर येते, तर फिंगरबोर्डवर (तारांखालच्या लाकडी पट्टीवर) पडद्यांच्या जागी आखलेली चौथी रेषा 178 मिलिमीटरवर असते. रेषा हार्मोनियमप्रमाणे समान विभागलेल्या बारा स्वरांच्या असतात, त्यामुळे तंबोऱ्याचा गंधार रेषेच्या चांगला पाच मिलिमीटर अलीकडे सापडतो. तारेच्या चौथ्या भागावर मध्यम आणि तिसऱ्या भागावर पंचम याच रीतीने तपासता येतात; मध्यमाच्या जागी बोट नुसते टेकवल्यास मात्र षड्ज निघतो. तिथे रेषा आणि कान यांच्यात फारसे भांडण नाही. मात्र बँडमध्ये कीबोर्ड असेल तर निमूटपणे रेषेवर यावे, कारण कीबोर्डवाल्याला कोणी बेसूर म्हणत नाही.

बोट पडद्याच्या मागे नव्हे, थेट सुराच्या जागेवर ठेवायचे असते. नटजवळ दोन लगतच्या रेषांत सुमारे 48 मिलिमीटर अंतर असते आणि बाराव्या रेषेपाशी जेमतेम 24, म्हणून वरच्या भागात बोटाची तेवढीच चूक कानाला दुप्पट खुपते.

मींड घेताना तार एकदाच छेडावी आणि पोहोचेपर्यंत बोटाचा दाब तसाच ठेवावा; दाब सैल झाला की सूर मध्येच विझतो. ती कशी निघते आणि कुठे थांबते, हे ऐकण्यासाठी सरोदवादन ऐकावे. सरोदलाही पडदे नसतात, आणि ग्वाल्हेरमध्ये उस्ताद हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर आज ‘सरोद घर’ हे संग्रहालय आहे. आंदोलनासाठी दरबारी रागातला अतिकोमल गंधार घ्यावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेत सुमारे 43 मिलिमीटर अंतर असल्याने बोटाला भरपूर वाव मिळतो: रिषभाचा आधार घेऊन, मनगट सैल सोडून, तारेच्या लांबीच्या दिशेने बोट संथपणे पुढे-मागे झुलवावे. साध्या गिटारसारखी तार आडवी ओढू नये. तसे केल्याने सूर फक्त चढतो, खाली येत नाही.

या वाद्याचा तो लडिवाळ, अनुनासिक, हळूहळू उमलणारा ध्वनी पुष्कळांना विजेच्या करामतीचा वाटतो, पण त्याचे कारण तंबोऱ्याच्या जवारीच्या, म्हणजे घोडीच्या सपाटीला तार घासून येणाऱ्या झंकाराच्या, फार जवळचे आहे. छेडलेली तार बोटापुढच्या लाकडाला हलकेच घासते आणि वरचे उपस्वर एकामागून एक जागे होतात. त्यासाठी तारा फिंगरबोर्डला जवळ असाव्यात, मान मधोमध अगदी किंचित खोलगट असावी, घोडीजवळ छेडावे आणि मागच्या पिकअपचा (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकाचा) आवाज वाढवावा. जोराने छेडल्यास उमलण्याऐवजी खडखडाट होतो. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या 1962 सालच्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढलेले होते आणि फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर होता. असा टणक पृष्ठभाग हा ध्वनी अधिक खुलवतो. थर नसलेल्या लाकडावर गुळगुळीत, चपट्या वेटोळ्यांच्या तारा लावाव्यात. त्यांत झळाळी कमी असते, पण लाकूड फारसे झिजत नाही.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यातली लू आणि त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा यांत लाकडी मान वाकते, आणि कालपर्यंत उमलणारा सूर एकाएकी कोरडा होतो किंवा भुणभुणू लागतो. अशा वेळी हातांना दोष देण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या रेषेवर तार दाबून मधली फट पाहावी. मानेचा वाक जुळवणारा आतला दांडा, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरात लावून मगच पुढचा निर्णय घ्यावा.